काटा खाणीच्या दारातच आहे

वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणीत शिरणारा ट्रक आधी रिकामा तोलला जातो आणि कोळसा भरून बाहेर पडताना पुन्हा तोलला जातो. दोन वजनांतला फरक म्हणजे माल. काट्यावरून मिळणाऱ्या पावतीवर ट्रकचा क्रमांक, वेळ आणि टनांचा आकडा छापलेला असतो. कोळसा हा विकायचा माल आहे, त्यावर स्वामित्वधन भरायचे असते, त्यामुळे या आकड्यात चूक झालेली कोणालाच परवडत नाही. असे असताना तोच ट्रक वणीच्या किंवा घुग्घुसच्या रस्त्यावर आला की त्यात माल जास्त आहे की नाही, हे शोधण्यासाठी परिवहन विभागाचे भरारी पथक लागते. ट्रक बाजूला घ्यायचा, जवळचा काटा शोधायचा, तोलायचा, पावती फाडायची. तोवर मागचे दहा ट्रक निघून गेलेले असतात. अवजड कोळसा वाहतुकीच्या नियमनावर आपल्याकडे वर्षानुवर्षे बैठका होतात आणि त्या रस्त्यावर काय करता येईल यापाशीच येऊन थांबतात. वजनाची नोंद मात्र खाणीच्या दारात, संगणकात, आधीच झालेली असते. नियमनाची सुरुवात तिथून झाली पाहिजे आणि जबाबदारीही आधी तिथेच टाकली पाहिजे.

कायदा याच्या आड येत नाही. नोंदणीत लिहिलेल्या वजनापेक्षा जास्त ओझे घेऊन वाहन चालवायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ११३ ने मनाई आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ खालचा दंड २० हजार रुपये, शिवाय जादा असलेल्या प्रत्येक टनामागे २ हजार रुपये असा झाला. पाच टन जास्त भरले तर ३० हजार. जादा माल उतरवल्याशिवाय वाहन पुढे जाऊ द्यायचे नाही, हेही याच कलमात आहे. सर्वोच्च न्यायालयाने ही बाब त्याच्या कितीतरी आधी, ९ नोव्हेंबर २००५ च्या परमजित भसीन खटल्यातील निकालात स्पष्ट केली होती. दंड भरला म्हणून जादा ओझे घेऊन पुढे जाण्याचा परवाना मिळत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. तरीही दंडाची पावती घेऊन तसाच भरलेला ट्रक पुढे गेलेला रस्त्यालगतची माणसे नेहमी पाहतात. उतरवलेला कोळसा ठेवायचा कुठे, राखायचा कोणी, या प्रश्नापाशी अंमलबजावणी अडते.

कलम १९४ मधली आणखी एक तरतूद कोळसापट्ट्यात फारशी वापरली जात नाही. वाहन चालवणाऱ्याबरोबरच, ते चालवायला लावणारा आणि चालवू देणारा यांनाही हे कलम दोषी धरते. काट्यावर मर्यादेबाहेरचा आकडा दिसत असताना पावती देऊन ट्रक बाहेर सोडणारा माणूस वाहन चालवू देणारा नाही, असे कोणत्या तोंडाने म्हणता येईल? भरणारा ठेकेदार, माल उचलणारा व्यापारी, ट्रकचा मालक आणि खाणीचे व्यवस्थापन यांपैकी कोणाचा दोष किती, हे चौकशीत ठरवावे. पण आज दंड बसतो तो बहुतेक वेळा ट्रक चालवणाऱ्या किंवा मालकाच्या नावावर, आणि साखळीतले बाकीचे सगळे नामानिराळे राहतात.

जादा माल का भरला जातो, याचे उत्तर भाड्याच्या पद्धतीत आहे. खाणीतून रेल्वे सायडिंगपर्यंत, सिमेंट किंवा पोलाद कारखान्यापर्यंत किंवा धुण्यासाठी वॉशरीपर्यंत कोळसा नेण्याचे भाडे टनावर ठरते आणि निविदा सर्वांत कमी दराची स्वीकारली जाते. दर इतका खाली आणलेला असतो की कायद्याच्या मर्यादेतल्या फेऱ्यांवर डिझेल, टायर आणि बँकेचा हप्ता निघणे कठीण. मग नफा उरतो तो वरच्या चार-पाच टनांत, कारण त्यांच्यासाठी डिझेल थोडेच जास्त लागते आणि चालक तोच असतो. कोळसा वाळूपेक्षा बराच हलका, त्यामुळे जास्त वजन भरायचे तर ट्रकच्या पेटीला वरून फळ्या किंवा पत्रे जोडून ती उंच करतात. वाहनात असा परस्पर बदल करणे हाही कलम ५२ चा भंग आहे, आणि तो पकडायला काट्याचीही गरज नाही. पेटीच्या वर डोंगरासारखा रचलेला कोळसा आणि त्यावर अर्धवट बांधलेली ताडपत्री शंभर फुटांवरून दिसते.

या धंद्यात उतरलेले बरेच ट्रकमालक याच भागातले आहेत. जमीन खाणीत गेली, मोबदला आला, त्यात कर्जाची भर घालून मुलाला ट्रक घेऊन दिला, अशी कितीतरी घरे वणी, राजुरा, भद्रावती तालुक्यांत सापडतील. कडक अंमलबजावणीने त्यांचेच पोट मारले जाईल, हा आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे. त्यावरचा इलाज जादा माल चालू देणे हा मात्र नाही. निविदेतला दर कायदेशीर वजनावर बेतला जावा, त्याखालची बोली बाद व्हावी आणि ज्या ठेक्यात वारंवार जादा माल सापडेल तो ठेका रद्द व्हावा. दर सुधारला की सर्वांत आधी याच लहान मालकांचा श्वास मोकळा होईल. एकदोन ट्रक असलेल्या माणसाला आज मोठ्या वाहतूकदाराच्या खालच्या भावाशी स्पर्धा करावी लागते, आणि ती तो स्वतःचा ट्रक मोडून करतो.

ट्रक मोडतो, तसा रस्ताही मोडतो. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात ठरावीक ओझ्याची वाहने रस्त्यांवर सतत चालवून मोठी चाचणी घेण्यात आली. तिच्यातून निघालेला नियम रस्ते बांधणारे अभियंते आजही वापरतात. अ‍ॅक्सलवरचे वजन वाढले की रस्त्याचे नुकसान साधारणपणे त्या वाढीच्या चौथ्या घाताने वाढते. वजन २० टक्क्यांनी वाढले तर नुकसान दुपटीहून थोडे अधिक आणि वजन दीडपट झाले तर पाचपट. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने वजनाच्या मर्यादाच वाढवल्या. तीन अ‍ॅक्सलच्या ट्रकचे एकूण वजन २५ टनांवरून २८.५ टन झाले आणि सर्वांत मोठ्या जोडवाहनांची मर्यादा ४९ वरून ५५ टनांवर गेली. त्याखालचे जिल्हा परिषदेचे रस्ते मात्र जुन्याच जाडीचे राहिले. गावरस्ता बैलगाडी, ट्रॅक्टर, एसटी आणि एखादा मालट्रक डोळ्यांपुढे ठेवून बांधलेला असतो.

वर्धा आणि पैनगंगेच्या खोऱ्यात जमीन काळी आहे. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. अशा मातीवरच्या रस्त्यावरून जड टिप्पर दिवसरात्र गेले की चाकांच्या खाली दोन चाकोऱ्या पडतात. पहिल्या पावसात त्यांत पाणी साचते, डांबराच्या भेगांतून खाली मुरते आणि खडीचा थर मऊ झालेल्या मातीत रुतत जातो. वरून डांबराचा पातळ हात फिरवला की महिन्याभरात पुन्हा तेच. दुचाकीवाल्याला कोरड्या दिवसांत दोन चाकोऱ्यांच्या मधल्या उंचवट्यावरून तोल सांभाळत जावे लागते. समोरून हायवा टिप्पर आला की त्याला खाली उतरावेच लागते, आणि कडेला मुरूम नसेल तर उतरायलाही जागा नसते. अपघात झाला की चालकाची चूक म्हणून गुन्हा नोंदला जातो. तो रस्ता तसा का झाला, याची नोंद कुठेच होत नाही.

चालकांविषयी लिहायला हवे, कारण गावाचा सगळा राग आधी त्यांच्यावर निघतो. मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ साली आला. दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास, ही त्याने घातलेली सर्वसाधारण मर्यादा. फेरीमागे पैसे मिळणाऱ्या माणसाला ही मर्यादा कशी पाळता येईल? खाणीत रांगेत तीन-चार तास गेले तर ती वेळ तो रस्त्यावर वेग वाढवून भरून काढतो. खाणींचे ट्रक ज्यावर दिसतात ती जीपीएस यंत्रणा कोळसा चोरीला जाऊ नये म्हणून बसवलेली आहे. कोणता चालक किती तास सलग गाडीवर आहे, हेही तीच यंत्रणा सांगू शकते. तिच्याकडून ते कोणी विचारलेले नाही.

आता कापूस. वणी, राजुरा, कोरपना हा कापसाचा पट्टा. दसऱ्यानंतर बोंडे फुटू लागतात आणि नेमका तोच कोरड्या, उडत्या धुळीचा काळ. खाणीच्या रस्त्याकडेच्या वावरात फुटलेले बोंड हातात घेऊन बघावे. वरून पांढरे दिसते, पण पाकळी उलगडली की तंतूंच्या आत करडी पूड बसलेली असते. ती झटकून जात नाही. वेचणी करणाऱ्या बायांची बोटे दुपारपर्यंत काळी होतात. खरेदी केंद्रावर कापूस हातात घेणारा माणूस रंग बघून प्रत ठरवतो. धूळ कुठून आली, हे तो विचारत नाही, आणि तिथे भाव पडतो. पीकविमा पाऊस, गारपीट, कीड यांसाठी असतो. ट्रकवरून उडालेल्या कोळशाच्या पुडीला त्यात जागा नाही. रस्त्यालगतचा शेतकरी दरवर्षी तहसील कार्यालयात अर्ज देतो, पंचनामा होतो किंवा होत नाही, आणि पुढच्या वर्षी तो पुन्हा अर्ज देतो. या नुकसानीचा दर ठरवून ती भरपाई वाहतुकीच्या खर्चातच धरली पाहिजे, म्हणजे ताडपत्री बांधणे ही ठेकेदाराच्या फायद्याची गोष्ट होईल.

धुळीचा प्रश्न शेतापुरता नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील औद्योगिक क्षेत्रांचा प्रदूषण निर्देशांक काढला तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांसह देशात चौथे होते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमातही चंद्रपूरचे नाव आहे. औष्णिक वीज केंद्र, सिमेंट, पोलाद या सर्वांचा त्यात वाटा आहे. पण चिमणीचा धूर उंचावरून जातो आणि ट्रकची धूळ थेट नाकाच्या उंचीवर उडते. घरातल्या भांड्यांवर, शाळेच्या बाकांवर, पिण्याच्या माठावर जो काळा थर बसतो, तो रस्त्याचा असतो.

वीज हवी आणि त्यासाठी कोळसा हवा, हे कोणीही नाकारत नाही. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट आहे, आणि त्यावर राज्यातली कितीतरी घरे व कारखाने चालतात. पण वादातल्या बहुतांश फेऱ्या लांबच्या नाहीत. खाणीपासून सायडिंगपर्यंतचे, वॉशरीपर्यंतचे किंवा जवळच्या कारखान्यापर्यंतचे थोड्या किलोमीटरचे अंतर, तेच दिवसात अनेकदा. हे काम पट्ट्याने, म्हणजे कन्व्हेअरने, होऊ शकते. कोळसा मंत्रालयाची फर्स्ट माइल कनेक्टिव्हिटी योजना नेमकी त्यासाठीच आहे: खाणीतून पट्ट्यावर, पट्ट्यावरून उंच कोठारात आणि तिथून थेट रेल्वेच्या डब्यात. कोल इंडियाने पहिल्या टप्प्यात वर्षाला ४० लाख टन आणि त्याहून अधिक क्षमतेच्या खाणी घेतल्या. विदर्भात मात्र जवळजवळ असलेल्या लहान-मध्यम खाणींचे पुंजके आहेत. एकेकीचा आकडा पाहिला तर त्या यादीत खाली राहतात, पण चार-पाच खाणींचे ट्रक एकाच रस्त्यावर उतरतात. अशा पुंजक्याला एक प्रकल्प मानून पट्टा मंजूर करावा, अशी मागणी इथल्या आमदार-खासदारांनी लावून धरायला हवी. पैशाची अडचण सांगितली जाईल. कोळशाच्या किमतीवर १४ टक्के स्वामित्वधन आहे, आणि १२ जानेवारी २०१५ पूर्वीच्या खाणपट्ट्यांसाठी त्याच्या ३० टक्के रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानाला मिळते. १०० रुपयांच्या कोळशामागे हे ४ रुपये २० पैसे होतात. बाधित गावांचे जादा ओझ्याने मोडलेले रस्ते पुन्हा पुन्हा याच निधीतून दुरुस्त करणे म्हणजे गावाच्या पैशाने वाहतूकदाराचे भाडे भरणे.

पट्टा यायला वर्षे लागतील. काट्याचे काम थोड्या आठवड्यांत होऊ शकते. प्रत्येक वाहनाचे मंजूर वजन केंद्राच्या ‘वाहन’ प्रणालीत नोंदलेले आहे आणि खाणीच्या संगणकात ट्रकचा क्रमांक. दोन्ही जोडले की मर्यादेपेक्षा अधिक वजन दिसताच पावती छापली जाऊ नये आणि दारातला अडसर उघडू नये, एवढी व्यवस्था संगणकातच करता येते. जादा कोळसा उतरवायची जागा खाणीतच आहे, त्यामुळे रस्त्यावर येणारी अडचण तिथे येत नाही. दर महिन्याच्या पावत्यांची यादी जिल्हा प्रशासनाने जाहीर करावी आणि काटे बरोबर आहेत की नाहीत, हे वैधमापनशास्त्र विभागाने अचानक जाऊन तपासावे.

यातून खासगी कोळसा डेपो निसटतात, हे मान्य केले पाहिजे. वणीत लालपुलिया परिसरात किंवा घुग्घुसच्या आसपास ट्रक रिकामा होतो, कोळसा चाळला जातो, मिसळला जातो आणि दुसऱ्या ट्रकमध्ये भरला जातो. त्या दुसऱ्या ट्रकला खाणीचे दार लागतच नाही. या डेपोंना प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. तपासलेला काटा, तोच संगणकीय अडसर, चाके धुण्याची सोय आणि पाणी मारलेले आवार, यांशिवाय ती संमती नव्याने देऊ नये.

वेळेचे आणि मार्गाचे बंधन ही तर राज्य सरकारने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याच्या एका आदेशाची बाब आहे. रस्त्याचे किंवा पुलाचे स्वरूप आणि लोकांची सुरक्षितता पाहून ठरावीक प्रकारच्या वाहनांना बंदी घालण्याची तरतूद मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ मध्ये आहे. शाळा भरण्याच्या आणि सुटण्याच्या वेळी गावांतून कोळशाचा एकही ट्रक जाऊ नये, गावरस्त्यांवर जड वाहनांना मनाई असावी आणि आठवडी बाजाराच्या दिवशी वेगळा मार्ग असावा. हा आदेश चंद्रपूर आणि यवतमाळच्या जिल्हाधिकाऱ्यांनी एकत्र काढला पाहिजे. वर्धा नदीच्या एका काठावर बंदी आणि दुसऱ्या काठावर मोकळीक राहिली, तर त्या वेळेपुरते ट्रक पलीकडच्या गावात रांगा लावून उभे राहतील. यंदाची वेचणी सुरू होण्याआधी दोन्ही जिल्ह्यांत तो एकाच दिवशी लागू व्हावा.