रिपोर्ट नॉर्मल, मग दुखणे कुठले?

हॉटेलात टेबलाशी बसताच वेटर विचारतो, ‘पाणी थंड की नॉर्मल?’ तिथे या शब्दाचा घोळ होत नाही. प्रसूतिगृहाबाहेर ताटकळणाऱ्या आजीलाही ‘नॉर्मल’ म्हणजे सिझर झाले नाही, एवढे बरोबर कळते. घोळ होतो तो रक्ततपासणीच्या कागदावर.

मूळ लॅटिन शब्द ‘नॉर्मा’, म्हणजे सुताराचा गुण्या. गुण्याला बसते ते योग्य. पुढे जे बहुतेकांसारखे, सरासरीच्या आसपासचे, तेही नॉर्मल ठरले. असे दोन अर्थ एकाच शब्दात राहू लागले. (रसायनशास्त्राने तिसराच लावला. लिटरला ९ ग्रॅम मीठ असलेले ‘नॉर्मल सलाइन’ त्या अर्थानेही नॉर्मल नाही!)

लॅब बोलते ती दुसऱ्या अर्थाने. बऱ्याच तपासण्यांत निरोगी लोकांची मोजमापे घेऊन दोन्ही टोकांचे अडीच-अडीच टक्के सोडतात आणि मधल्या ९५ टक्क्यांना नॉर्मल म्हणतात. म्हणजे २० धडधाकट माणसांतला एक व्याख्येनेच मर्यादेबाहेर! ‘फुल बॉडी चेकअप’च्या पॅकेजमध्ये पन्नासेक आकडे असले की एखादा ठळक अक्षरांत छापून यायचाच, आणि घर धास्तावायचे. कोलेस्टेरॉलचे मात्र वेगळे. तिथली मर्यादा धोका पाहून ठरवलेली असते, ती चारचौघांसारखी आहे म्हणून सोडून देता येत नाही.

धास्ती परवडली, पण खोटा दिलासा नको. क्रिएटिनिनची वरची मर्यादा पुरुषांत साधारण १.२ असते. एखाद्याचा आकडा पूर्वी ०.६ होता आणि आता १.१ झाला, तर दोन्ही रिपोर्ट नॉर्मल. तरी त्याच्या मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता जवळपास निम्म्यावर आलेली असू शकते. लोहाचेही तसेच. शरीरातला साठा आधी संपतो, हिमोग्लोबिन नंतर उतरते. बाईचे हिमोग्लोबिन १२ च्या वर असले तरी तिला जिना चढताना येणारा थकवा खरा असू शकतो. फेरिटिन तपासले तर तो कळेलही. पण दवाखान्यात ‘सगळे नॉर्मल आहे’ हे तीन शब्द उच्चारले गेले, की घरी तिला ‘मनाचे खेळ’ ऐकावे लागतात. डॉक्टरांना बहुधा ‘या तपासण्यांत काही सापडले नाही’ एवढेच म्हणायचे असते. मग तेवढेच म्हणावे. वाक्य थोडे लांबेल, पण पुढची तपासणी राहून जाणार नाही.

लॅबनाही एक करता येईल. त्याच रुग्णाचा मागचा आकडा त्यांच्या संगणकात बहुतेकदा असतोच. नॉर्मल मर्यादेच्या शेजारी त्यासाठी आणखी एक रकाना छापायला फारशी शाई लागत नाही.