संशय आणि समीक्षा

'सोव्हिएत देश' सोव्हिएत दूतावासाचे, 'स्पॅन' अमेरिकी दूतावासाचे. ही नियतकालिके आपले कूळ लपवीत नव्हती; वाचक त्यांना ओळखूनच वाचत असे. खरा पेच 1955 साली निस्सीम इझिकेल यांच्या संपादकत्वाखाली मुंबईहून निघालेल्या 'क्वेस्ट'चा आहे. त्यामागे उभ्या असलेल्या 'काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम'ला अमेरिकी गुप्तचर खात्याचा पैसा मिळत होता, हे 1966-67मध्ये उघड झाले. प्रभाकर पाध्ये या संघटनेच्या कामात होते. तेवढ्यावरून त्यांचा सौंदर्यविचार निकालात काढणारी समीक्षा लेखन वाचीत नाही, पावती वाचते. (प्रतिपक्षही तितकाच आळशी: मजकुरात कोणी ढवळाढवळ केली नाही, एवढे म्हटले की त्याच्या लेखी प्रश्न मिटतो.) देणगीदाराला वाक्ये बदलावी लागत नाहीत. कोणता विषय निकडीचा वाटावा आणि कोणता सुचूच नये, याची तजवीज आधीच झालेली असते. तेव्हा तपासायचे ते मौन. 'क्वेस्ट'मध्ये 1956च्या हंगेरीला किती पाने मिळाली, व्हिएतनामला किती? 'सोव्हिएत देश'ने 1968च्या प्रागविषयी काय छापले? ही मोजदाद अंक उघडल्याशिवाय होत नाही. आणि 1976मध्ये, आणीबाणीत, 'क्वेस्ट' बंद पडले, त्याचा जाब कोणत्या दूतावासाला विचारायचा?