सुनावणीविना हद्दपारी

टिंडर, बम्बल, हिंज ही नावे पुण्या-नागपुरातील तरुणांना आता अपरिचित राहिलेली नाहीत. विवाहमंडळे आणि वधूवर मेळावे यांच्याशेजारी उघडलेल्या या नव्या दालनाविषयी मतभेद असू शकतात. परंतु त्याचे दार एखाद्या सकाळी कारण न सांगता बंद होते, तेव्हा उभा राहणारा प्रश्न नीतीचा नसून न्यायाचा असतो.

खात्यावरील बंदीची कारणे बहुधा उघड असतात. अठराच्या आतील वय, दुसऱ्याचे छायाचित्र, धंद्याची जाहिरात, पैशांची मागणी, अश्लील किंवा धमकीचे संदेश. अशांवर कारवाई व्हायलाच हवी. तक्रार करणाऱ्या मुलीचे नाव गुप्त राहते, तेही योग्यच. मात्र नकार पचवू न शकलेला एखादा इसमही तक्रारीचे तेच बटण दाबू शकतो, आणि छाननीचा पहिला टप्पा पुष्कळदा यंत्राच्या हाती असतो. निरपराधाच्या वाट्याला येते ती 'अटींचा भंग' ही मोघम ओळ. कोणती अट, कधी मोडली? उत्तर नाही!

अशा वेळी अनेक जण नवे सिमकार्ड घेऊन दुसरे खाते उघडतात. हा मार्ग आत्मघातकी आहे. क्रमांकाखेरीज मोबाइल संचाची ओळखही ताडून पाहिली जाऊ शकते, आणि दुसरे खाते सापडले की मूळची सत्य बाजूही लंगडी पडते. त्यापेक्षा कंपनीकडे मुद्देसूद लेखी अपील करावे. सशुल्क सदस्यत्व ॲपल वा गूगलमार्फत घेतले असेल तर ते तेथेच स्वतंत्रपणे रद्द करावे. नाहीतर बंद खात्याचे पैसेही कापले जात राहतील.

कायद्याचा आधारही आहे. २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार कंपनीने तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव प्रसिद्ध करणे आणि तक्रारीची पोच २४ तासांत देणे बंधनकारक आहे. त्याचा निर्णय अमान्य असल्यास ३० दिवसांच्या आत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन दाद मागता येते. २०२२च्या दुरुस्तीने निर्माण झालेल्या या समित्या मार्च २०२३पासून कार्यरत झाल्या. त्यांची माहिती किती तरुणांना आहे? युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्याने बंदीची कारणे स्पष्टपणे कळवण्याचे बंधन कंपन्यांवर घातले. फेब्रुवारी २०२४पासून तो पूर्णतः लागू आहे. तेथील ग्राहकाला मिळालेला हा हक्क भारतीय ग्राहकालाही तितक्याच स्पष्ट शब्दांत देण्यास सरकारने विलंब लावू नये.