इवल्या शब्दांचा कारभार

इंग्रजीच्या उत्तरपत्रिका तपासताना आम्हांस एक वाक्य वरचेवर भेटते : 'ही एंटर्ड द रूम रनिंग.' व्याकरणाची चूक त्यात काढणे कठीण. परंतु इंग्रजी कानाला ते परके वाटते. इंग्रज म्हणेल, 'ही रॅन इंटू द रूम.'

विद्यार्थ्याने मराठीत विचार केला, एवढाच त्याचा दोष. 'तो धावत खोलीत शिरला' असे आपण म्हणतो. शिरणे, निघणे, चढणे, उतरणे, ओलांडणे. गतीची दिशा आपल्याकडे बहुधा क्रियापदच सांगते, आणि धावत की रांगत, हे त्याआधीचा शब्द सांगतो. इंग्रजीत ही वाटणी उलटी. धावणे क्रियापदाकडे, दिशा मात्र इन, आउट, अप, अक्रॉस अशा इवल्या शब्दांकडे. नदी पोहून पार केली, तर 'स्वॅम अक्रॉस' म्हणून इंग्रज मोकळा होतो.

हे शब्द हेतूही उघड करतात. 'थ्रो द बॉल टू हिम' म्हणजे त्याने झेलावा म्हणून चेंडू टाक. 'ॲट हिम' म्हणजे नेम धरून मार. कुत्रा 'रॅन टू द बॉय' असेल तर शेपूट हालत असेल. 'रॅन ॲट द बॉय' असेल तर मुलाने कुंपण गाठलेले बरे! मुलाकडे धावणे आणि मुलावर धावून जाणे, हा भेद आपणही जाणतोच. इंग्रजीच्या तासाला ते भान कोठे जाते, कोण जाणे.

संस्कृत शिकणाऱ्यांना तर याचे नवल वाटू नये. गम् धातूला उपसर्ग लागून आगमन, निर्गमन, अनुगमन होते. 'अवगम' म्हटले की जाणे सरते आणि कळणे सुरू होते. संस्कृतात उपसर्ग धातूच्या आधी चिकटतो, इंग्रजीत तो मागून सुटा येतो, इतकेच. परकीयांना हे प्रकरण फार जड जाते, हे डॉ. जॉन्सन यांनी १७५५ साली आपल्या कोशाच्या प्रस्तावनेतच नमूद केले आहे.

'वेंट ऑफ'च पाहा. दिवे 'वेंट ऑफ' म्हणजे विझले. गजर 'वेंट ऑफ' म्हणजे वाजू लागला. दूध 'वेंट ऑफ' म्हणजे नासले. येथे 'गो म्हणजे जाणे' हे पाठांतर काय कामाचे?

शब्दार्थांच्या वहीत एकटे क्रियापद उतरवून घेणे आता थांबवावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. जोडी लिहावी, तीही वाक्यासकट. गाळलेल्या जागेचा एक गुण, याच दृष्टीने या शब्दांकडे पाहावयास आम्हां शिक्षकांनीच मुलांना शिकविले. वर्गाच्या दारात एकाला उभे करून 'वॉक इन, वॉक आउट, वॉक पास्ट' करवून घेण्यास खडूदेखील लागत नाही. पहिल्या दिवशी वर्ग हसतो, हसू द्यावे.