बाटलीवरील बदाम

‘नांव सोनूबाई, हातीं कथलाचा वाळा’ ही म्हण ज्यानें प्रथम उच्चारली, त्यास आजचीं केशतैलें पाहावयास मिळालीं नव्हतीं. नाहीं तर त्यानें सोनूबाईला खचित क्षमा केली असती. अहिल्यानगरच्या, म्हणजे २०२४ पर्यंतच्या अहमदनगरच्या, कापडबाजारांत जावें आणि बदाम, आवळा किंवा जाई यांच्या नांवानें विकल्या जाणाऱ्या तेलांच्या बाटल्या उलटून त्यांवरील बारीक अक्षरें वाचावीं. पुष्कळ बाटल्यांवर घटकांच्या यादींत पहिलें नांव ‘मिनरल ऑइल’, ‘लाइट लिक्विड पॅराफिन’ किंवा लॅटिन वेषांतील ‘पॅराफिनम लिक्विडम’ असें आढळेल. तिन्ही नांवें एकाच कुळींचीं. भूगर्भांतून निघणारें खनिज तेल शुद्ध करून हा पदार्थ काढतात. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणें एक टक्क्याहून अधिक असलेले घटक उतरत्या क्रमानें छापावे लागतात. तेव्हां पहिलें नांव ज्याचें, त्याचाच भरणा सर्वांत अधिक.

आमचा आक्षेप कोणता, हें प्रथम स्पष्ट केलें पाहिजे; कारण या विषयावर ओरड करणारे बहुतेक लोक भलत्याच ठिकाणीं घाव घालतात. ‘डोक्याला पेट्रोल लावतां काय!’ असें म्हणून गृहिणींस भिवविणें हा अज्ञानाचा बाजार होय. रॉबर्ट चेसब्रो यानें १८७२ सालीं अमेरिकेंत ज्याचें पेटंट घेतलें तें व्हॅसलीनहि खनिज तेलाचेंच अपत्य. आणि हिंवाळ्यांत फुटलेल्या ओठांस त्यानें आराम पडतो हें कोण नाकारील? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें अशुद्ध व अर्धवट शुद्ध केलेलीं खनिज तेलें कर्करोगकारक ठरविलीं आहेत. अतिशुद्ध तेलें त्या वर्गांत घातलेलीं नाहींत. हा भेद गाळून बोलणारा मनुष्य जाहिरातदाराइतकाच असत्य बोलतो.

‘वनस्पतिज तें सर्व उत्तम’ हें मतहि टिकत नाहीं. २००३ सालीं मुंबईच्या मॅरिको कंपनीच्या संशोधकांनीं असें प्रसिद्ध केलें कीं, खोबरेलानें केसांतील प्रथिनांची झीज कमी होते, खनिज तेलानें होत नाहीं, आणि सूर्यफुलाच्या तेलानेंहि होत नाहीं. हें संशोधन खोबरेल विकणाऱ्या घरचें आहे, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. तथापि कारण पटण्याजोगें आहे. खोबरेलांतील लॉरिक आम्लाचा रेणु लहान व सरळ असल्यामुळें केसांत शिरतो. खनिज तेल वरच्यावर राहतें.

मग आमचा आक्षेप कोणता? तो सचोटीचा आहे. आपल्या जिल्ह्यांत रब्बीस पिकणारी करडईच घ्या. तिच्या खाण्याच्या तेलांत दुसरें खाद्य तेल मिसळून विकावयाचें, तर कोणतें तेल किती टक्के, हें डब्यावर छापणें कायद्यानें बंधनकारक आहे. तेल पोटाऐवजीं डोक्यावर जावयाचें झालें, कीं तोच कायदा मवाळ होतो: क्रम सांगा, प्रमाण न सांगितलें तरी चालेल! बाटलींत बदाम थेंबभर कीं वाटीभर, हें ग्राहकानें ओळखावें कसें?

यावर व्यापारी म्हणतील कीं, खनिज तेल खंवट होत नाहीं, चिकटत नाहीं आणि स्वस्त पडतें. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मग त्या अभिमानानें दर्शनी बाजूस कां छापीत नाहींत? माल विकावयाचा एकाचा आणि पैसे घ्यावयाचे दुसऱ्याच्या पुण्याईवर, या व्यवहारास आमच्या भाषेंत फसवणूक म्हणतात.

परंतु दोष एकट्या व्यापाऱ्याचा नाहीं. सुशिक्षित कुटुंबांत पदवीधरांची वाण नाहीं; तरी तान्ह्या मुलाच्या अंगास लावावयाची बाटली तेथें कोणी उलटून पाहत नाहीं. ज्यांस इंग्रजी वाचतां येतें तेच वाचीत नाहींत, तर खेड्यांतील मायबहिणींनीं कोणाच्या तोंडाकडे पाहावें?

आमची मागणी लहान आहे. ज्या वस्तूचें नांव वा चित्र बाटलीवर असेल, तिचें प्रमाण त्याच बाजूस, मराठींत, ठळक अंकांनीं छापावें. तसा नियम होईपर्यंत प्रत्येक सुशिक्षित गिऱ्हाइकानें ती यादी दुकानींच मोठ्यानें वाचावी. कोणास पाव टक्का बदाम विकावयाचा असेल, तर त्यानें खुशाल विकावा. पण पाव टक्का म्हणून विकावा.