व्यसनी गर्भवतीला दटावणी नको, उपचार हवेत



‘गर्भवतीने गर्द त्याच दिवशी सोडावा, नाहीतर तिला पोलिसांच्या हवाली करावे’ असे सुचवणारे वाचकपत्र वाचले. बाळाविषयीची कळकळ पटते, पण हा उपाय बाळाच्याच जिवावर बेतू शकतो. गर्द, अफू एकदम तोडल्यास गर्भपाताची वा अकाली प्रसूतीची भीती असते, आणि व्यसन पुन्हा उलटते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या 2014च्या मार्गदर्शक सूचना डॉक्टरांच्या देखरेखीखाली मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन देण्यावर भर देतात.

जन्मल्यावर अशा मातांची काही बाळे थरथरतात, चिरक्या आवाजात रडतात, दूध नीट ओढत नाहीत. हा त्रास उपचारांनी बरा होतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने अंगावर पाजणे, छातीशी उघडे धरणे यांनी औषधाची गरजही कमी होते. मग माय-लेकरांची ताटातूट कशासाठी?

अमली पदार्थविरोधी कायद्याचे (1985) कलम 64अ अल्प प्रमाणाच्या प्रकरणात स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनीला खटल्यापासून संरक्षण देते. आमच्या वस्तीतल्या मितानीन ताईंना (आरोग्य कार्यकर्त्यांना) हे शिकवावे. त्यांनी बोल न लावता विचारपूस करावी, 14446 ही मोफत हेल्पलाइन सांगावी आणि रायपूरच्या एम्सपर्यंत त्या गर्भवतीसोबत जावे.

– एक वाचक, गुढ़ियारी, रायपूर