पाण्याचा चोथा होतो काय?

वलवणच्या धरणाखालीं एका चहाच्या टपरीवर परवां आम्ही बसलों होतों. बाहेर मावळचा पाऊस कोसळत होता. शेजारीं एक वृद्ध शेतकरी घोंगडी घेऊन बसले होते. त्यांची लेक घाटाखालीं खालापूर तालुक्यांत दिलेली. जांवयाची जमीन पाताळगंगेच्या कांठीं. गेल्या उन्हाळ्यांत जांवयानें भाजीच्या वाफ्यांस नदीचें पाणी दिलेंच नाहीं. वाफे वाळले, व हातचा पैसा गेला. आम्हीं विचारलें, "कां बाबा, नदी तर उन्हाळ्यांतही वाहते ना?" ते म्हणाले, "वाहती, पर त्या पाण्यात हाय काय? वर वलवणला अडवत्यात, खोपोलीत त्यातली ईज काढून घेत्यात. खाली जातो त्यो चोथा. चोथ्यावर कुठं मेथी येती?"

यावर हंसणारे शहरांत पुष्कळ भेटतील. आम्ही हंसलों नाहीं. ज्यानें जन्मभर गुऱ्हाळांत उंसाचा रस निघतांना व चोथा पडतांना पाहिला, त्यानें विजेविषयीं तसेंच समजावें यांत मूर्खपणा नाहीं. १९११ च्या फेब्रुवारींत मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनीं लोणावळ्यास टाटांच्या या कामाची कोनशिला बसविली. १९१५ सालीं खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांस मिळूं लागली. त्यास शंभर वर्षें उलटून गेलीं. इतक्या काळांत धरणाच्या भिंतीखालीं राहणाऱ्या माणसास हें काय चाललें आहे तें त्याच्या भाषेंत सांगावयास किती शहाणे आले? विद्या पोथींत बांधून ठेवण्याची जुनी खोड पदवीधरांसही सुटलेली नाहीं. मग रिकाम्या जागेंत कंडी शिरली तर नवल कसलें?

म्हणून जें आहे तें सांगतों. लोणी दुधांत असतें तशी वीज पाण्यांत नसते. वलवण, शिरवता व लोणावळा येथील तलावांचें पाणी खंडाळ्याकडे आणतात, व तेथून मोठ्या लोखंडी नळांनीं घाट उतरून तें खोपोलीस जातें. हा उतार पांचशें मीटरांहून अधिक आहे. इतक्या उंचावरून आलेलें पाणी नळाच्या चिंचोळ्या तोंडांतून सुटतें तेव्हां त्याचा मारा भयंकर असतो. समोर एक चाक असतें व त्याच्या कडेनें वाट्या बसविलेल्या असतात. मारा वाट्यांवर बसला कीं चाक गरगर फिरतें. चाकाच्या आंसावर दुसरें यंत्र असतें. त्यांत लोहचुंबक व तांब्याच्या तारांचीं वेटोळीं एकमेकांजवळून फिरतात, आणि त्या फिरण्यानें तारेंत वीज उत्पन्न होते. पाणी तारेस शिवतसुद्धां नाहीं. तें वाटींतून खालीं गळतें व आपल्या वाटेनें नदीस मिळतें. पाणचक्कीवर जोंधळा दळला तर पाण्यांतलें पीठ कमी झालें असें कोणी म्हणतो काय?

मग खर्च होतें तें काय? खर्च होते ती उंची. हजार लिटर पाणी पांचशें मीटर खालीं आलें, तर वाटेंतली तूट वजा जातां एका युनिटाहून थोडी अधिक वीज पदरांत पडते. ती न घेतली तरी उंची शिल्लक राहत नाहीं. पावसाळ्यांत खंडाळ्याच्या कड्यांवरून धबधबे पडतात, त्यांचा जोर खडकांवर आपटून आवाजांत व किंचित उष्णतेंत विरून जातो. त्या पाण्यास कोणी चोथा म्हणत नाहीं. उलट मुंबईकर त्याखालीं भिजावयास गाड्या भरून येतात. पिकास हवें असतें तें ओल व पाण्यांत विरघळलेले क्षार. चाकावरून उतरल्यानें या दोहोंत रतीभरही घट होत नाहीं.

पुरावा पाहिजे असेल तर घाटाखालीं पाहा. १९२२ सालीं भिवपुरीचें वीजघर सुरू झालें, त्याचें पाणी उल्हास नदीस मिळतें. बदलापूर, कल्याण, डोंबिवली येथील लाखों माणसें त्याच नदीचें पाणी पितात, व त्याच पाण्यांत त्यांची डाळ शिजते. मुळशीचें पाणी १९२७ पासून भिऱ्याच्या वीजघरांतून कुंडलिकेंत पडत आहे, आणि रोह्याकडचे शेतकरी त्यावर उन्हाळी भात काढतात. एवढ्यानेंही मन मानत नसेल तर आमच्यावर मुळींच विश्वास ठेवूं नये. दोन कुंड्या घ्याव्या, माती एकाच वावरांतली, मेथीचें बीं एकाच पुडींतलें. एकीस विहिरीचें पाणी, दुसरीस वीजघरांतून नुकतें बाहेर पडलेलें. वीस-पंचवीस दिवसांत उत्तर दारांत उभें राहील. शास्त्र म्हणतात तें याहून फार निराळें नाहीं. जोतीरावांनींही नुसतीं व्याख्यानें दिलीं नाहींत. खडकवासल्याच्या कालव्याचें पाणी घेऊन मांजरीस स्वतः शेती केली, असें त्यांच्या चरित्रांत सांगतात. धरणें, बंधारे बांधून पाणी शेतांत मुरवावें हें त्यांनीं १८८३ सालच्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथांत लिहून ठेवलें आहे.

पण मौज अशी कीं, पाताळगंगेचें पाणी बिघडत नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. खोपोलीपासून रसायनीपर्यंत कारखाने आहेत, आणि त्यांच्या सांडपाण्याची तक्रार जुनी आहे. जांवयाचे वाफे नदीच्या पाण्यानें खरोखरच करपत असतील तर त्यांत रसायन असेल. तें बाटलींत भरून तपासतां येतें, कागदावर येतें, व त्या कागदावर भांडतां येतें. 'सत्त्व गेलें' हें मात्र कोणत्याच बाटलींत भरतां येत नाहीं. सत्त्वाची तक्रार घेऊन कचेरींत गेलेल्या शेतकऱ्यास साहेब हंसून वाटेस लावतो, आणि घाण सोडणारा सुखानें झोपतो. आमचा राग आहे तो येथें. खोटी गोष्ट गरिबाच्या तोंडांतून त्याचें खरें गाऱ्हाणें हिसकावून घेते.

मावळास खरीं गाऱ्हाणीं थोडीं आहेत काय? इंद्रायणी-भीमेकडे पूर्वेस गेलें असतें तें पाणी घाट उतरून पश्चिमेस जातें. कृष्णेच्या पाण्याचा निवाडा करणाऱ्या बच्छावत लवादानें टाटांच्या धरणांस वर्षाकाठीं सरासरी ४२ टीएमसीच्या घरांत पाणी धरलें, व भीमाखोऱ्यांतील दुष्काळी गांवें तें परत मागत आहेत. १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीस, मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. बावन्न गांवांच्या भातजमिनी पाण्याखालीं जावयाच्या होत्या. पुष्कळ जमीन पुण्याच्या सावकारांकडे गेलेली होती. कसणारा मावळा हटेना, सावकारांपैकीं अनेकांस मात्र मोबदल्याची रक्कम पुरे वाटली. (सेनापति बापट जन्मानें ब्राह्मण, परंतु मावळ्यांसाठीं तुरुंगांत गेले, हें लिहावयास आम्हांस कमीपणा वाटत नाहीं.) ९ ऑगस्ट २०११ रोजीं पवनेचें पाणी बंद नळानें नेण्याविरुद्ध मावळचे शेतकरी द्रुतगति मार्गावर आले. गोळीबार झाला व तिघे मेले. यांतल्या एकाही गाऱ्हाण्यास चोथ्याच्या गोष्टीची गरज नाहीं. पाणी कोणाचें, जमीन कोणाची, दाम किती व कोणास, हे प्रश्न पुरेसे धारदार आहेत.

आमचें हें बोलणें चाललें असतांना टपरीवरला एक तरुण मध्येंच म्हणाला कीं, धरणाच्या पायांत मूल पुरल्याशिवाय भिंत टिकत नाहीं, त्याच्या मोबाईलवर तसें आलें आहे. हें ऐकून मात्र आमच्या अंगावर कांटा आला. भिंत टिकते ती दगड, चुना वा सिमेंट व पाया यांच्या हिशेबानें. परंतु पुलास, धरणास बळी लागतो ही कंडी आपल्या मुलखांत पिढ्यान्‌पिढ्या आहे, व ती जागी झाली कीं अनोळखी भिक्षेकऱ्याकडे मुलें पळविणारा म्हणून पाहिलें जातें. १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांतील साक्री तालुक्यांत राईनपाडा येथें आठवड्याच्या बाजारीं आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पांच माणसांस जमावानें ठेंचून मारलें. मुलें पळविणारी टोळी आल्याचा निरोप मोबाईलवरून फिरत होता, एवढाच पुरावा. मरणारे मंगळवेढ्याकडचे भटके, मारणारेही गरीबच. निरोप धाडणारा कोण, हें त्या जमावांतल्या कोणी विचारलें नाहीं. त्या तरुणास आम्हीं तेवढेंच विचारलें: कोणाचें मूल, कोणतें गांव, कोणतें साल, पाहणारा कोण? त्यानें मोबाईल वरखालीं केला, व खिशांत ठेवला.

आणखी एक सांगावयाचें राहिलें. शास्त्राच्या नांवानें बोलणारा प्रत्येक साहेब खरा, असाही अर्थ कोणी घेऊं नये. "पाणी उत्तम आहे" असा दाखला कारखान्याचा पगारी तज्ज्ञ देईल तर त्यासही तेच चार प्रश्न घालावे: नमुना कोठून घेतला, कोणत्या दिवशीं, कोणीं तपासला, कागद कोठें आहे?

पाऊस उघडला तेव्हां म्हातारेबाबा उठले. कुंड्यांचें त्यांस पटलें कीं नाहीं तें कळलें नाहीं. मेथीस सध्यां पाऊस फार, दिवाळीनंतर पाहूं, म्हणाले. पण बाटलीचें पटलेलें दिसलें. जांवयास सांगून एक बाटली वीजघराच्या तोंडाशीं व एक आपल्या शेताजवळ भरून घ्यावी, दोहोंवर तारीख व जागा लिहावी, आणि तालुक्याच्या कृषि कचेरींत तपासणीची चौकशी करावी, असें ठरलें. "दोन कशाला?" त्यांनीं विचारलें. आम्हीं म्हटलें, "बाबा, वरची चांगली निघाली आणि खालची वाईट, तर मधें कोण राहतो तें बघायचं." ते थोडा वेळ थांबले, घोंगडी झटकली, आणि म्हणाले, "मंग तीन भरूं द्या. मधल्या नाल्यापाशीं एक."